पाय कुणाचे, माप कुणाचं? परसबाग आणि शेतासाठी पायताण निवडताना

 

आज बियाण्याबद्दल किंवा हप्त्याबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते शेतात आणि परसबागेत काम करताना पायात काय घालायचं, याबद्दल. विषय ऐकून काहीजणी हसतील. चप्पल ती चप्पल, त्यात काय सांगायचं? पण पुढच्या बैठकीला बसताना दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे एकदा नीट बघा. बाजाराची चप्पल वेगळी, लग्नाची वेगळी. कामाची चप्पल मात्र बहुतेकींची एकच: अंगठ्याशी पट्टा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन लावलेली, टाचेला झिजून पापडासारखी झालेली हवाई चप्पल. ती मालकांची किंवा मुलाची जुनी असते, म्हणून मापानं दोन बोटं मोठी असते.

घरात गमबूट असलेच तर एकच जोडी असते आणि ती पुरुषाच्या मापाची असते. रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला ते जातात, म्हणून त्यांना बूट लागतात, हे बरोबरच आहे. पण खुरपणी आपण करतो, भात आपण लावतो, गोठा आपण झाडतो, परसबागेला पाणी आपण घालतो. मातीत आणि चिखलात जास्त वेळ उभे असतात ते पाय आपले. तरी परसबाग म्हणजे ‘घरातलंच काम’, म्हणून त्यासाठी वेगळं पायताण घ्यावं हे कुणाच्या मनातही येत नाही. आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. पायताण घ्यायचं ते कामाप्रमाणे आणि स्वतःच्या पायाच्या मापानं.

उघड्या पायाला काय काय होतं

पहिला धोका काट्याचा. बाभळीचा काटा झिजलेल्या हवाई चपलेतून आरपार जातो. काच, गंजका खिळा, पत्र्याचा तुकडा परसबागेत हमखास सापडतो, कारण घरामागची जागा ही पूर्वीची उकिरड्याचीच जागा असते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. खोल जखमेत ते वाढतात. म्हणून काटा किंवा खिळा खोल गेला, तर जखम साबण-पाण्यानं धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन लागतं का ते विचारायचं. त्यावर हळद दाबून कामाला लागायचं नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अंकुशकृमी नावाचे जंत असतात. उघड्यावर शौच झालेल्या ओलसर, सावलीच्या जागेत त्यांच्या बारीक अळ्या मातीत राहतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून सरळ शरीरात शिरतात. पुढं आतड्याला चिकटून रक्त पितात. आपण म्हणतो, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, जिना चढला की धाप लागते. त्यामागं आहार, पाळी, बाळंतपणं ही कारणं असतात, तसे हे जंतही असू शकतात. शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतात ती यासाठीच. पण गोळी घेतलेलं पोर पुन्हा त्याच मातीत अनवाणी खेळलं, तर जंत पुन्हा येतात.

तिसरा धोका लेप्टोचा. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून याचे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आत जातात. पावसाळ्यात चिखलात काम केल्यावर थोड्या दिवसांनी जोराचा ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या खूप दुखायला लागल्या, तर ‘दमल्यामुळं दुखतंय’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना आवर्जून सांगा, की आम्ही चिखलात काम करतो. त्या एका वाक्यानं त्यांना पुढची दिशा कळते.

चौथा धोका सापाचा. शेतात काम करताना झालेले बरेचसे दंश पावलाला, घोट्याला आणि पोटरीला होतात. घोणस आणि फुरसं पालापाचोळ्यात, गवतात पडून राहतात. रंग मातीसारखा, त्यामुळं पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. नाग उंदरांच्या मागं गोठ्याजवळ येतो. जाड, उंच बूट असेल तर बऱ्याच वेळा दात कातडीपर्यंत पोहोचत नाही. मात्र मण्यारीची गोष्ट वेगळी आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिथं बूट कामाचा नाही, तिथं खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवी.

कुठल्या कामाला काय घालायचं

आपल्यापैकी काहींकडं भात आहे, काहींकडं कांदा, टोमॅटो, बाजरी आहे. सगळ्या कामांना एकच पायताण चालत नाही. म्हणून एकेक काम घेऊ.

परसबागेचं रोजचं काम म्हणजे पाणी घालणं, भाजी तोडणं, थोडं खुरपणं. त्याला गमबुटाची गरज रोज नसते. पण पुढून बंद, मागं टाचेला पट्टा असलेलं, धुता येईल असं रबरी किंवा प्लॅस्टिकचं पायताण हवं. बोटं झाकलेली असली की खुरपं निसटलं तरी अंगठा वाचतो. हवाई चप्पल ओल्या मातीत तळाला चिकटते, पाऊल पुढं जातं आणि चप्पल मागं राहते. डोक्यावर किंवा कमरेवर हंडा असताना असं झालं, तर घसरून हात मोडायला वेळ लागत नाही. टाचेचा पट्टा असला की हे टळतं.

कोरड्या रानात खुरपणीला, कांदा काढणीला, तूर कापणीला जाड तळाचं पायताण लागतं. तुरीचे आणि कपाशीचे कापलेले बुडखे खिळ्यासारखे टोकदार असतात. यासाठी आपल्याकडची टायरच्या तळाची चप्पल अजूनही उत्तम आहे. काटा तिच्यातून येत नाही आणि पट्टा तुटला तर गावातला चर्मकार कारागीर तो बसवून देतो. त्याला सांगून मागं टाचेचा पट्टा लावून घ्या. उकिडवं बसून काम करायचं असेल तर तळ पुढच्या भागात वाकणारा हवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटं आणि गुडघे दोन्ही बोलायला लागतात. चामड्याची कोल्हापुरी चप्पल कोरड्यात टिकते, पण पाणी आणि शेण तिला सोसत नाही. ती बाजारासाठी ठेवा.

वाफ्यांना पाणी देणं, ओल्या गवतातून वैरण आणणं, पावसाळ्यात गोठा धुणं या कामांना गमबूट. तो निदान पोटरीच्या मध्यापर्यंत उंच हवा. घोट्यापर्यंतच्या बुटात पाणी वरून शिरतं आणि सापापासूनही बचाव होत नाही.

भात लावणीचं मात्र खरं ते सांगायला हवं. घोट्याच्या वर खचणाऱ्या चिखलात गमबूट रुततो, पाय निघतो आणि बूट आतच राहतो. म्हणून लावणी अनवाणीच होते. तिथं इतकं करा. पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका, रोपं काढून देण्याचं किंवा वाहण्याचं कोरड्यातलं काम घ्या. घरून निघताना बोटांच्या बेचक्यात आणि टाचांना खोबरेल तेल चोळा. आणि मुख्य म्हणजे बूट घरी ठेवू नका, बांधापर्यंत घालून जा. साप आणि विंचू चिखलापेक्षा बांधावरच्या गवतात, दगडांच्या फटीत जास्त असतात. आपण मात्र चप्पल घरी किंवा झाडाखाली ठेवून बांधावरून अनवाणी फिरतो. चिखलात अनवाणी आणि बांधावर बूट, हा नियम ठेवा.

फवारणीला चामड्याचे किंवा कापडी बूट अजिबात नकोत. ते औषध शोषून घेतात आणि दिवसभर पायाला लावून ठेवतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारताना रबरी बूटच हवा, आणि सलवार किंवा पायजमा बुटाच्या बाहेरून खाली सोडायचा. आत खोचला तर कपड्यावरून ओघळलेलं औषध बुटात साठतं. काम झाल्यावर बूट आतून-बाहेरून धुवायचे. ते पाणी विहिरीजवळ, हौदाजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात सांडायचं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी फवारणीच्या जवळही जायचं नाही, मग बूट कितीही चांगले असोत.

माप घरी घ्या, दुकानात नको

बाजारात दुकानदार विचारतो, ‘नंबर किती?’ आपल्याला माहीत नसतं. मग तो समोर ठेवेल ते पायात घालून आपण ‘चालेल’ म्हणतो. त्यापेक्षा माप घरीच घ्या.

संध्याकाळी, दिवसभराचं काम झाल्यावर घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप मिळतं. जुन्या वहीचा जाड कागद जमिनीवर ठेवा. त्यावर उभं राहा, बसून नको. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. दुसरीला पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांचं माप घ्या. बहुतेकींचा एक पाय किंचित मोठा असतो, नंबर त्याच पायाचा धरायचा. मग कागद रेघेवर कापा आणि दुकानात न्या. बुटाचा सुकतळा बाहेर निघत असेल तर तो काढून कागदावर ठेवून बघा. लांबीला पुढं बोटभर जागा जास्त हवी आणि रुंदीला कागद कुठंही बाहेर यायला नको. सुकतळा निघत नसेल तर कागद बुटात सारून बघा, कडेला मुडपला तर बूट अरुंद आहे.

रुंदीचं महत्त्व आपल्याला जास्त आहे. लहानपणापासून अनवाणी चाललेले पाय पुढून पसरट असतात. निमुळता बूट लांबीला बरोबर आला तरी करंगळीला घासतो.

आता जोडव्यांचा प्रश्न. बंद बुटात जाड जोडवं शेजारच्या बोटाला घासतं, कातडी सोलते आणि त्याच जागी चिखल्या होतात. जोडवी काढा असं आम्ही म्हणणार नाही, तो ज्याच्या-त्याच्या मनाचा विषय आहे. पण कामाच्या दिवसांत सपाट, पातळ जोडवी घाला आणि बुटात सुती मोजे वापरा. मोज्यांसह बूट घालूनच माप बघा. नऊवारी असेल तर अडचण नाही. पाचवारी साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या वर खोचून आत जुना पायजमा घातला, तर बुटात पायही अडकत नाही आणि गवतानं पोटऱ्याही कापत नाहीत.

घेताना काय बघायचं

बूट उलटा करून तळ बघा. खोल, रुंद खाचा असतील तर चिखलात पकड मिळते. अगदी बारीक नक्षी असेल तर ती मातीनं लगेच भरते आणि बूट घसरतो. तळावर अंगठ्यानं जोरात दाबून बघा, सहज दबला तर काटा आत येईल. बूट हातानं पुढच्या बाजूला वाकवा. वाकला पाहिजे आणि वाकल्यावर पांढरी चीर दिसायला नको. आत हात घालून शिवण, टोचणारी कड आहे का ते चाचपा. अस्तर असेल तर घाम टिपला जातो, पण ते लवकर सुकणारं हवं. आयएसआय चिन्ह बघा. दोन बूट हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्या, कारण दिवसभर ते आपल्यालाच उचलायचे आहेत. शेवटी दोन्ही बूट घालून दुकानात चार पावलं चाला आणि एकदा उकिडवं बसून बघा. लाजू नका. बुटाची वरची कड पोटरीत रुतली, तर खुरपणीला तो बूट उपयोगाचा नाही.

घरातले बाकीचे पाय

मुलांना ‘वाढता पाय आहे’ म्हणून दोन नंबर मोठं घेऊ नका. मोठ्या बुटात मूल अडखळतं, मग बूट काढून टाकतं आणि अनवाणीच खेळतं. बोटभर जागा पुरे.

म्हाताऱ्या माणसांना हलकं, टाचेला पट्टा असलेलं, न घसरणारं पायताण द्या. पहाटे अंधारात परसाकडं जाताना पायात पायताण, हातात काठी आणि बॅटरी, हे तिन्ही दाराशी एकाच जागी ठेवा.

घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर त्यांच्याकडं जास्त लक्ष हवं. साखरेमुळं पायाची जाणीव कमी होते. काटा रुतलेला, चटका बसलेला कळत नाही आणि लहान जखम मोठी होऊन बसते. त्यांनी परसबागेतही अनवाणी जायचं नाही. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांची बेचकं बघायची. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून बघावं किंवा नातवाला सांगावं.

आमच्या बैठकीत एका आजीनं विचारलं, ‘शेत म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर चप्पल घालून कसं चालायचं गं?’ प्रश्न मनापासूनचा आहे. त्यावर गटातच बोलणं होऊन ठरलं, की खळ्यावर, धान्याच्या राशीपाशी, पेरणीची पूजा करताना चप्पल बाहेर ठेवायची. तणातून, बांधावरून आणि अंधारात चालताना ती घालायची. राबणाऱ्या सुनेचा पाय सलामत राहावा, हे लक्ष्मीलाही आवडेलच की.

बूट सांभाळायचे कसे

काम झाल्यावर बूट आणि पाय दोन्ही साध्या पाण्यानं धुवा. बोटांच्या बेचक्यात कोरड्या फडक्यानं पुसा, चिखल्यांना आळा घालण्याचा तोच पहिला उपाय. बूट कडक उन्हात ठेवू नका, तडकतात. सावलीत, वारा लागेल तिथं दोन खुंट्या ठोकून उलटे टांगा. उलटे टांगल्यानं ते आतून सुकतात आणि विंचू, बेडूक आत जाऊन बसत नाहीत. तरीही घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटे करून आपटायचे. ही सवय मुलांनाही लावा.

विंचू चावलाच, तर मंत्र आणि पाला यांत वेळ घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं आणि त्यामुळं अनेकांचे प्राण वाचले. पण ते वेळेत मिळायला हवं. साप चावला तर दोरी करकचून बांधू नका, ब्लेडनं कापू नका, तोंडानं ओढू नका. पायातलं पायताण, पैंजण आणि जोडवी लगेच काढा, कारण सूज आली की ती रुततात. पाय फळीला बांधून हलता ठेवू नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि जिथं सर्पदंशावरची लस आहे अशा सरकारी रुग्णालयात न्या.

गटानं काय करता येईल

आता पैशाचं बोलू. गमबुटाची साधी जोडी साधारण दोन-तीन दिवसांच्या खुरपणीच्या मजुरीत येते. पायाला काटा लागून पू झाला, तर आठवडाभराची मजुरी बुडते आणि दवाखान्याचा खर्च वेगळा. हिशेब आपणच करा.

पैशापेक्षा मोठी अडचण नंबराची आहे. तालुक्याच्या दुकानात बायकांच्या मापाचे, म्हणजे चार-पाच नंबरचे गमबूट विचारले, की ‘येत नाहीत’ असं उत्तर मिळतं. ते न येण्याचं कारण एवढंच, की ते कुणी मागत नाही. एकीनं मागितले तर दुकानदार हसेल. पण गटानं पंधरा-वीस जोड्यांची यादी, प्रत्येकीच्या नंबरासकट हातात दिली, तर तो मागवेल आणि दरही कमी करेल. ज्यांना एकदम पैसे देणं जमणार नाही त्यांना गटाच्या अंतर्गत कर्जातून दोन-तीन महिन्यांत फेडता येतील. खरेदी मे महिन्यातच करा, पाऊस सुरू झाल्यावर माल मिळत नाही. गटात फवारणीच्या बुटांच्या दोन जोड्या सामाईक ठेवू नका. ज्याचे बूट त्यानेच वापरावेत, म्हणजे मापही बसतं आणि पायाचे आजारही एकमेकींना लागत नाहीत.

आणि घरी सांगताना ‘मला बूट हवेत’ असं अवघडून म्हणू नका. खतं, बियाणं, औषधं यांची हंगामाची यादी होते, त्याच यादीत एक ओळ घाला: ‘बूट, नंबर चार, एक जोडी.’ तो चैनीचा खर्च नाही, खुरप्यासारखाच शेतीचा खर्च आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं जुन्या वहीचे दोन कागद आणि एक पेन्सिल आणा. हप्ते गोळा झाले की एकमेकींच्या पावलांची मापं घेऊ आणि नंबर गटाच्या वहीत लिहू. सासूबाईंचं आणि पोरांचं मापही घेऊन या.